भावंडांची जोडी लावण्याआधी

मित्रा, न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशाची एकाच वेतातली दोन पिल्लं घेऊन वंशावळ उभारायची घाई करू नकोस. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आई-बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक येण्याची शक्यता, 25 टक्के येतो. बाप-लेकीचाही तेवढाच. सावत्र भावंडं किंवा आजोबा-नात घेतलीस तर 12.5 टक्के. लाइनब्रीडिंग म्हणजे हेच: एका उत्तम नराचं रक्त पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचं, पण अगदी जवळची नाती टाळून. सख्ख्या भावंडांचा मेळ सलग दोन पिढ्या केलास, तर आकडा 37.5 वर जातो. मग वेतात पिल्लं कमी होतात, माद्या गाभण राहत नाहीत.

जवळच्या मेळाने नवा दोष जन्माला येत नाही, दडलेला वर येतो. माझ्याकडे बाप-लेकीच्या मेळातून वाकड्या दातांची दोन पिल्लं निघाली. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. वरखालचे जुळले नाहीत, तर झिजत नाहीत आणि जनावर उपाशी राहतं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, कारण नर देखणा होता. तरी बाप आणि लेक दोघांनाही मी प्रजननातून काढलं, कारण हा दोष सहसा दोन्हीकडून येतो.

म्हणून सुरुवात परस्परांशी नातं नसलेल्या तीन माद्या आणि दोन नरांपासून कर. प्रत्येकाच्या कानावर नंबर गोंदव आणि वहीत किमान तीन पिढ्या लिही. वेतात किती जन्मली, किती जगली, तेही लिही. वजनापेक्षा ही नोंद मला जास्त मोलाची वाटते. दर काही पिढ्यांनी बाहेरचा नर आण, मात्र आणताना त्याचे दात आधी बघ.