उसात हरवलेलं मंगळसूत्र मेटल डिटेक्टरने सापडेल का?

सापडायची शक्यता चांगली आहे. पण मशीनचं नंतर बघू, आधी त्या शेताची पाण्याची पाळी चुकवा आणि बाळबांधणी (उसाच्या बुडाला माती लावणं) पुढे ढकला. पॉवर टिलर एकदा सरीतून फिरला की वर पडलेली वाटी वीतभर खाली जाते आणि दोऱ्यातला दागिना असेल तर चार दिशांना जातो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वाळवा तालुक्यात दीड एकर सुरू हंगामातला ऊस, गुडघ्याएवढा आलेला. आई बायकांबरोबर भांगलायला, म्हणजे तण काढायला, गेल्या, संध्याकाळी घरी आल्यावर गळ्यात मंगळसूत्र नाही. दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी शोधलं. आता ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं डिटेक्टर घ्यावं, की हे काम करणाऱ्या कुणाला बोलवावं?

माझं पलूसला मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना तारेचे नवे वेढे घालायचं, दुकान आहे. डिटेक्टरचा नाद त्यातूनच लागला. आता कृष्णाकाठच्या गावांतून हरवलेल्या दागिन्यांसाठी बोलावणं येतं. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेल्यापासून जरा जास्तच येतं.

पहिला प्रश्न मी नेहमी एकच विचारतो, तुम्हीही आईंना विचारा: दोऱ्यात ओवलेलं होतं की सोन्याच्या तारेत गाठवलेलं? तार तुटली तर मंगळसूत्र बहुतेक वेळा अख्खं गळून पडतं, एका जागी. दोरा तुटला तर मणी आणि वाट्या चालता चालता सांडत जातात. काळे मणी काचेचे, ते मशीनला कळत नाहीत, पण डोळ्याला कळतात. म्हणून मशीन लावायच्या आधी सकाळच्या तिरप्या उन्हात दोघांनी सरीत उकिडवं बसून फक्त काळे मणी शोधायचे. चार मणी दिसले तरी दीड एकराचं शेत दोन सऱ्यांवर येतं. अंकलखोपकडच्या एका मळ्यात मला असेच मणी दिसले. पहिली वाटी लगेच वाजली, दुसरीचा पत्ता नाही. मग त्या मावशींना विचारलं, भांगलत कुठल्या दिशेने गेला होता? त्या तोंडाने पुढे सरकत गेलो तर दुसरी वाटी तीन-चार हातांवर, तण उपटलेल्या खड्ड्यात मातीखाली दडलेली. वाटीच्या पोटातली लाखसुद्धा शाबूत होती.

दुसरा प्रश्न: येताना वैरणीचा भारा आणला होता का? बायका बांधावरचं गवत कापतात, भारा बांधतात, डोक्यावर घेतात, आणि भारा उचलताना नाहीतर टाकताना गळ्यातलं अडकून तुटतं. तसं असेल तर शेताच्या आधी गोठा, गव्हाण, कडबाकुट्टीची जागा आणि उकिरडा बघा. उकिरड्यावर डिटेक्टर चांगला चालतो, कारण शेणात मातीतली लोखंडी खनिजं तशी कमी असतात. मात्र म्हशीच्या पोटावर मशीन धरून बघू नका. एका गावात सगळ्यांनी तसा आग्रह धरला, मशीन वाजलं आणि घरात आनंदीआनंद झाला. पुष्कळ जनावरांच्या पोटात एखादा खिळा किंवा तारेचा तुकडा असतोच, त्यावर मशीन वाजणारच. खरंच गिळल्याचा संशय असेल तर पशुवैद्याला बोलवा.

आता मशीन. मोटारी भरणाऱ्याला हे समजायला जड जात नाही. खालच्या चकतीत तांब्याच्या कॉइल असतात. एका कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट जातो. त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, तिथल्या धातूत भोवरा प्रवाह फिरायला लागतात आणि त्या प्रवाहांचं उलटं क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. आम्ही आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) ग्राऊलर नावाच्या तपासणी यंत्रावर ठेवून शॉर्ट झालेला वेढा शोधतो, तेच तत्त्व. अखंड अंगठी म्हणजे एका वेढ्याची शॉर्ट कॉइल, ती खणखणीत वाजते. तीच अंगठी सोनाराने कापलेली किंवा चिरलेली असेल तर वेढा उघडा पडतो आणि आवाज निम्म्यावर येतो. चेनचं आणखी वाईट. प्रत्येक कडी वेगळी, कड्यांचा एकमेकींना नीट काँटॅक्ट नाही, त्यामुळे दोन तोळ्यांची चेन असली तरी मशीनला बहुतेक तिचा फासाच दिसतो. नथीची तार उघडी असते आणि तिचे मोती मशीनला दिसत नाहीत. मंगळसूत्राचं बरं असतं, कारण वाटी म्हणजे पत्र्याचा तुकडा, त्यात प्रवाह फिरायला जागा मिळते. चांदीची जोडवी तर लांबूनच ओरडतात.

सोनं म्हणून वेगळा आवाज नसतो. स्क्रीनवर आकडा येतो, तो वस्तूचा आकार, जाडी आणि धातू वीज किती वाहून नेतो यावर ठरतो. शुद्ध सोनं वीज चांगली नेतं, पण दागिन्याच्या सोन्यात तांबं-चांदी मिसळली की ते बरंच मंदावतं. त्यामुळे वाटीचा आकडा येतो तिथेच अॅल्युमिनियमच्या पातळ चमकत्या कागदाचे, ज्याला आपण चांदी म्हणतो, त्याचे तुकडेही येतात. आपल्या शेतात ही चांदी कुठून येते? कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरची सील. झाकण उघडायचं, नखाने सील फाडायची आणि तिथेच टाकायची. एका सरीत मी डझनाने उकरल्यात. त्यात गोळ्यांची पाकिटं असतात, खुरप्याचे मोडके तुकडे असतात. लोखंड मशीनला बहुतेक वेळा ओळखता येतं, चांदी नाही. म्हणून सोन्याच्या आकड्याच्या आसपास जे जे वाजेल ते उकरायचं, दुसरा मार्ग नाही. बेंटेक्स आणि सोनं यातला फरकही मशीनला कळत नाही. तेव्हा आई शेतात जाताना खरं घालून गेल्या होत्या की एक ग्रॅमचं, हे घरात एकदा शांतपणे विचारून घ्या. हसू नका, दोनदा विचारा.

आकड्याचा अंदाज बांधायला सोपा उपाय आहे. मामी-मावशीचं साधारण तशाच वाट्यांचं मंगळसूत्र मागून आणा, त्याच शेतात जमिनीवर ठेवा आणि मशीन फिरवून आवाज, आकडा लक्षात ठेवा. मग वर चार बोटं माती टाकून परत फिरवा. त्यातून मशीनची लायकीही कळते. (नमुन्याला लाल रिबीन बांधा, नाहीतर दोन मंगळसूत्रं शोधत बसाल.)

ऑनलाइनच्या स्वस्त मशीनबद्दल माझं मत वाईट आहे. आपली जमीन बसाल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली, तिच्यात लोखंडाची चुंबकीय खनिजं भरपूर. साधं मशीन काळ्या रानात दागिन्याविनाच कुरकुरत राहतं. महाबळेश्वर, पाचगणी, कासकडच्या जांभ्या मातीत तर त्याहून जास्त. ज्या मशीनला ग्राउंड बॅलन्स आहे, त्याची चकती जमिनीवर खालीवर करून मातीचा आवाज आधी दाबता येतो, मग दागिना ऐकू येतो. ग्राउंड बॅलन्स नसलेलं मशीन घेऊ नका, फुकट मिळालं तरी. चांगल्या मशीनलाही आपल्या मातीत अंगठीएवढी वस्तू चार-सहा इंचांपर्यंतच भरवशाने कळते, कानातली कुडी दोन-तीन इंच. तुमचं मंगळसूत्र अजून वरच असणार, म्हणूनच टिलर नको म्हणतो.

शोधायच्या दिवशी विहिरीची मोटार बंद ठेवा. शेजारी रानडुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) लावलं असेल तर त्यांना सांगून तेही तेवढ्यापुरतं बंद करून घ्या, नाहीतर सेकंदा-सेकंदाला टिकटिक ऐकू येते. वरून महावितरणच्या तारा गेल्या असतील तर सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागते. मशीन धरणाऱ्याच्या खिशात मोबाईल नको, मागे खुरपं घेऊन गर्दी नको. दोन बांबू रोवून दोरी बांधायची आणि सरी-सरीने जायचं, चकती जमिनीला जवळजवळ घासत, सावकाश, मागचा अर्धा पट्टा पुन्हा घेत. एका दिशेने झालं की त्याच जागेवर आडवं. वाजलं की हातातल्या छोट्या पिनपॉइंटरने नेमकी जागा बघायची आणि खुरप्याने बाजूने माती उचलायची. वरून टोचलं की वाटी चेपते.

ऊस उंच झालेला असता तर मी तोडीपर्यंत थांबा म्हटलं असतं, कारण दाट उसात चकती फिरत नाही. तेव्हा मात्र पाचट पेटवायचं नाही आणि कुट्टी मशीन घालायचं नाही. शुद्ध सोनं वितळायला 1064 अंश लागतात, दागिन्याच्या सोन्याला थोडे कमी, तरी पाचटाच्या जाळाने ते वितळणार नाही, पण वाटीतली लाख जळून जाईल. कुट्टीच्या पात्यांनी तर तुकडे होतील.

द्राक्षबागेत आणखी वेगळी तऱ्हा. लोखंडी अँगल आणि तारा सगळीकडे, मशीन जागेवर उभं केलं तरी बोंबलतं. तासगावकडच्या एका बागेत छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावताना अंगठी गेली होती. लहान चकती लावून ओळीच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात फिरत होतो, तेवढ्यात मालकिणीला विचारलं की हॅन्डग्लोव्ह कुठे काढता. बांधावर ढीग होता. मशीन नुसतं ढिगावर धरलं तर वाजलं. अंगठी ग्लोव्हच्या बोटात अडकून बसलेली, ग्लोव्ह ओढून काढताना निघाली होती.

नदीबद्दलही विचारतात. औदुंबर, हरिपूरचा संगम, साताऱ्याजवळचं माहुली, अशा घाटांवर अंघोळीला उतरलेल्यांची अंगठी पाण्यात गेली की लोक म्हणतात वाहून गेली. बावीस कॅरेट सोनं पाण्याच्या सतरा-अठरा पट जड. ते पडलं तिथेच खाली जातं, वाळूत रुततं नाहीतर पायरीच्या सांधीत बसतं. घाटावरची पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात, कारण आताची बरीच नाणी स्टीलची आहेत. सोन्याला चुंबक चिकटत नाही, तो नाद सोडा. उन्हाळ्यात पाणी कमी असताना पाण्यात चालणाऱ्या चकतीने गुडघाभर पाण्यात शोधता येतं. पण 2019 किंवा 2021 सारखा पूर मधे येऊन गेला असेल तर मी नकार देतो, गाळाचा थर किती चढला याचा हिशोब लागत नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "भांगलायला आलेल्या एका बाईवर घरच्यांचा संशय आहे." याबद्दल स्पष्ट बोलतो. मला बोलावणं येतं तेव्हा निम्म्या घरांत कुणा ना कुणा मजूर बाईचं नाव आधीच घेतलेलं असतं, आणि दागिना गोठ्यात, भाऱ्यात, दुचाकीच्या डिकीत निघतो. तोवर त्या बाईची गावात शोभा झालेली असते आणि दागिना मिळाल्यावर तिच्या दारात जाऊन माफी मागणारा मी अजून बघितला नाही. शिवाय त्याच बायकांना नेमकं माहीत असतं की तुमची आई कुठल्या सरीत होती, पदर कशात अडकला, पाणी प्यायला कुठे बसल्या. त्यांना बोलवा, चहा द्या आणि शोधायला बरोबर घ्या. आणि तबकात तांदूळ टाकून "पूर्वेला आहे" सांगणाऱ्याकडे जाऊ नका. पूर्वेला दुसऱ्याचं शेत असतं आणि भांडण तिथून सुरू होतं.

पैशाचं म्हणाल तर बोलावलेल्या माणसाशी आधीच ठरवा. मी पेट्रोल घेतो, मिळालं तर देतील ते. दागिन्याच्या किमतीत टक्के मागणारा असेल तर मला तो पटत नाही, पण तुमची मर्जी. शेजाऱ्याच्या रानात शोधायचं तर त्याला विचारून. आणि मशीन बघून कुणीतरी कानाशी येऊन "आमच्या वाड्यात गुप्तधन आहे" म्हणतंच. दाभोलकरांच्या साताऱ्यातूनही असे फोन येतात. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय उकरणं तर सरळ गुन्हा. मी फक्त काल-परवा हरवलेलं, मालक समोर उभा असलेलं शोधतो.

तुमच्याकडे उभे-आडवे पट्टे पुरे झाले, गोठा-उकिरडा झाला, आणि तरी नाही मिळालं, तर मग त्या दिवशीचे मोबाईलमधले फोटो काढा. गळ्यात मंगळसूत्र असलेला शेवटचा फोटो कधीचा आहे ते बघा. भांगलणीच्या आदल्या दिवशी कुठे लग्नाला गेला असाल तर शोध तिकडून सुरू करावा लागेल.

खाली एवढं लिहा: दोरा की तार, भारा आणला होता का, आणि त्यानंतर पाणी दिलंय का. रविवारी दुकान बंद असतं, तासाभराचा रस्ता आहे, येईन.