खोक्यात किती लिटर मावेल, हे कसं काढायचं?

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करा. येईल ते घनसेंटिमीटर. १००० ने भागलं की लिटर. ४० × ३० × २५ म्हणजे ३०,००० घसेंमी, अर्थात ३० लिटर. घनाला एकच बाजू पुरते: २० × २० × २० = ८००० घसेंमी, ८ लिटर.

सूत्र सोपं आहे, घोळ होतो तो मापात. किती मावेल हे हवं असेल तर मापं आतूनच घ्या. वरचं खोकं २ सेंमी जाड फळ्यांचं असेल आणि ती मापं बाहेरची असतील, तर दोन्हीकडची जाडी वजा जाऊन आत ३६ × २६ × २१ उरतात (झाकणही तेवढंच जाड धरून), म्हणजे जेमतेम १९.७ लिटर!

एक बाजू मीटरमध्ये असेल तर आधी सेंटिमीटर करा, मगच गुणा. १ घनमीटर म्हणजे १०० नव्हे, १०,००,००० घसेंमी.