सीबीए-१२३ ला मागचे पंखे नाही, किंमत भोवली

ब्राझील आणि अर्जेंटिनाचं सीबीए-१२३ व्हेक्टर हे छोटं प्रवासी विमान मागे लावलेल्या पंख्यांमुळे (प्रोपेलरमुळे) फसलं का, आणि ‘सारस’ या आपल्या भारतीय छोट्या विमानाचंही तेच झालं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत सांगतो: विमान उत्तम होतं, पण परवडणारं नव्हतं.

१९८० च्या दशकात दोन्ही देश लष्करी राजवटीतून नुकतेच बाहेर पडले होते. जुनी चढाओढ मिटवायची म्हणून ब्राझीलचे सार्नी आणि अर्जेंटिनाचे आल्फोन्सिन या राष्ट्राध्यक्षांनी सहकार्याचे करार केले, त्यातलंच हे विमान. दोन तृतीयांश वाटा एम्ब्राएर या ब्राझीलच्या विमान कंपनीचा, एक तृतीयांश अर्जेंटिनातल्या कोर्दोबाच्या एफएमए विमान कारखान्याचा. म्हणजे भागीदार राजकारणाने ठरवला, बाजाराने नव्हे.

आसनं १९, कारण अमेरिकी नियमांनुसार तेवढ्या आसनांपर्यंत केबिन क्रू ठेवावा लागत नाही. या वर्गातल्या विमान कंपन्या खर्चाला इतक्या काटेकोर असतात! त्यांच्यासाठी एम्ब्राएरने काय बनवलं? नव्या घडणीचा पंख, पडद्यांचं कॉकपिट, गॅरेट कंपनीची नवी टीपीएफ-३५१ इंजिनं शेपटीजवळ आणि सहा पात्यांचे पंखे मागे तोंड करून. केबिनमधला आवाज त्याने खरंच कमी होतो. १८ जुलै १९९० ला पहिलं उड्डाण झालं, पण त्या किमतीला पक्की मागणी येईना. बीच १९०० किंवा मेट्रो ही प्रतिस्पर्धी विमानं साधी असली तरी तेवढेच प्रवासी कितीतरी स्वस्तात नेत होती. त्यात अर्जेंटिनात महागाईचा भडका, ब्राझीलमध्ये सरकारी तिजोरीला ओहोटी. पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला. एम्ब्राएर तेव्हा हजारो कामगारांना घरी पाठवत होती. १९९४ मध्ये तिचं खासगीकरण झालं.

‘सारस’चं कारण वेगळं. तेही रशियाच्या म्यासिश्चेव्ह या विमान बनवणाऱ्या संस्थेबरोबर ठरलं होतं, पण सोव्हिएत संघ कोसळला आणि एनएएल या आपल्या सरकारी विमान संशोधन संस्थेला एकटीने पुढे जावं लागलं. वजन ठरल्यापेक्षा बरंच वाढलं. ६ मार्च २००९ ला बंगळूरजवळ बिदादीला, हवेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या चाचणीत दुसरा नमुना कोसळला आणि हवाई दलाचे तिघे गेले. म्हणून ‘दोन्हीचे पंखे मागे, दोन्ही फसली’ असा हिशेब कृपा करून मांडू नका.

आणि व्हेक्टरवरची मेहनत पाण्यात गेली, हेही मला पटत नाही. त्याची केबिन एम्ब्राएरच्याच आधीच्या ब्राझिलिया विमानाच्या रुंदीची होती. तीच रुंदी ठेवून, व्हेक्टरवर कमावलेलं ज्ञान वापरून एम्ब्राएरने ईआरजे-१४५ जेट काढलं, १९९५ मध्ये उडवलं आणि त्यावरच कंपनी तरली. कोल्हापूरहून स्टार एअरच्या ज्या विमानात एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन आसनं असतात, ते हेच. आपल्या हवाई दलाचं ‘नेत्र’ हे हवेतून टेहळणी करणारं विमानही त्याच विमानावर बांधलंय.