झांबियात नोकरीला जातोय, ऑफिसात इंग्रजी चालतं. मग बेंबा भाषा शिकावी का? ती नक्की बोलतं तरी कोण?

किटवे या झांबियातल्या तांब्याच्या खाणींच्या शहरात मी काही वर्षं काढलीत, म्हणून सांगतो : शिका. इंग्रजीवर नोकरी निभते, पण बाजारात, मिनीबसमध्ये, खाणीच्या गेटवर कानावर पडते ती बेंबाच.

मूळ बेंबा लोक झांबियाच्या उत्तरेचे, कासामाच्या आसपासचे. आपले पूर्वज आजच्या काँगोतल्या लुबा राज्यातून आले, असं ते सांगतात. त्यांच्या राजाला चितिमुकुलु म्हणतात, राजकुळाचं कुलचिन्ह मगर. वंश आईकडून मोजतात, त्यामुळे गादी मुलाला मिळत नाही, भावाला किंवा भाच्याला मिळते. त्यांची जुनी शेती म्हणजे चितेमेने : झाडांच्या फांद्या छाटायच्या, एका जागी रचून जाळायच्या आणि त्या राखेत नाचणी पेरायची. मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात ना, त्याचाच हा थोरला भाऊ. त्या नाचणीच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा म्हणजे उब्वाली. शहरात तो आता मक्याचा असतो.

भाषा मात्र बेंबा लोकांपेक्षा बरीच मोठी झाली, ती तांब्यामुळे. 1920 नंतर किटवे, मुफुलिरा, लुआन्श्या इथे खाणी वाढल्या आणि उत्तरेकडून तरुणांची रीघ लागली. खाणीच्या वस्तीत नाना जमातींची माणसं शेजारी राहायची, त्यांची बोलायची भाषा बेंबा झाली. 2010च्या जनगणनेत स्वतःला बेंबा म्हणवणारे साधारण 21 टक्के होते, तर मुख्यतः बेंबा बोलणारे 33 टक्क्यांच्या घरात. सीमेपलीकडे काँगोच्या कटांगा भागातही ती चालते.

ही बांटू कुळातली भाषा, स्वाहिलीच्या नात्यातली. लिंगाची भानगड नाही, पण नामांचे वर्ग डझनाहून जास्त आणि वाक्यातले इतर शब्द त्यांच्यामागे फरफटत जातात. ‘अबंतु बबिली’ म्हणजे दोन माणसं, ‘इफिताबो फिबिली’ म्हणजे दोन पुस्तकं. ‘दोन’ वेगळा झाला, बघा. पाठ करत बसू नका, ऐकून जमतं.

आदर मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. मित्राला ‘उलि शानी?’ (कसा आहेस?), मोठ्यांना आदरार्थी बहुवचनात ‘मुलि शानी?’. उत्तर ‘न्दिफ्ये ब्विनो’, बरा आहे. वडीलधाऱ्यांच्या नावाआधी ‘बा’ लावायचं. मूल झालेल्या बाईला मुलाच्या नावावरून हाक मारतात : ‘बाना चांदा’, म्हणजे चांदाची आई. वाक्याच्या शेवटी ‘मुक्वाई’ हा आदराचा शब्द जोडलात की दुकानदारसुद्धा खुलतो.

अजून एक. एकोणिसाव्या शतकात बेंबा आणि पूर्वेकडचे न्गोनी एकमेकांशी लढले. आता त्या वैराची रीतसर थट्टा झालीय : बेंबा न्गोनींना उंदीरखाऊ म्हणणार, न्गोनी बेंबांना माकडखाऊ, अगदी मयताच्या घरीही. ऑफिसात असं काही ऐकलंत तर सोडवायला धावू नका.