‘सिग्नल गेला’ म्हणण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे सहा फोटो मिळाले. रिमोटवर उडवायचं पहिलंच मॉडेल विमान, तीन आठवडे रात्री जागून बांधलेलं, आणि दहा सेकंदांत जमिनीवर. फार वाईट वाटलं. दुमडलेल्या पंखाचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो. पण त्याहून जास्त वेळ तुझ्या एका वाक्यापाशी थांबलो: ‘काका, सिग्नल गेला असणार, कारण स्टिक पूर्ण उजवीकडे दाबली तरी ते ऐकेचना.’

मला या वाक्याबद्दलच लिहायचं आहे. आता नवीन विमान कोणतं घेऊ, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे: हेच घे, दुरुस्त करून. फोम फाटलाय, त्याचा चुरा झालेला नाही. मोटर फिरते आणि सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरा) हलतात, हे तूच लिहिलं आहेस.

मात्र एक गोष्ट आजच कर. सहाव्या फोटोत बॅटरीचा एक कोपरा दबलेला दिसतोय. ती बॅटरी पुन्हा चार्ज करू नकोस, वरून कितीही चांगली दिसली तरी. आत पापुद्रे फाटले असतील तर अशी लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी काही तासांनीही पेट घेऊ शकते. घराबाहेर, मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ठेव आणि मग नीट विल्हेवाट लाव.

आता तू सांगितलेला क्रम पुन्हा वाचू. हातातून सुटल्याबरोबर नाक वर गेलं. घाबरून तू थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण दिलास. नाक आणखी वर गेलं. विमान हवेत क्षणभर थबकलं, डावा पंख पडला, तू स्टिक उजवीकडे दाबलीस, आणि ते गिरक्या घेत खाली आलं. शेवटी लिहिलं आहेस, ‘जमिनीला लागेपर्यंत मोटर किंचाळत होती.’

हा पुरावा तूच दिलास आणि तूच नजरेआड केलास. सिग्नल तुटला की विमानातला रिसीव्हर फेलसेफवर, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या स्थितीवर, जातो, आणि फेलसेफ नीट लावला असेल तर थ्रॉटल शून्यावर येतो. खरंच सिग्नल गेला असता तर मोटर गप्प व्हायला हवी होती. एक शक्यता उरते. काही रिसीव्हर शेवटची आज्ञाच धरून ठेवतात, आणि तुझा तसा असेल तर मोटर चालूच राहील. हे पाच मिनिटांत तपासता येतं. आधी प्रोपेलर काढ. सैल करून भागणार नाही, पूर्ण काढ. मग विमान घट्ट धरून थ्रॉटल थोडा दे आणि हातातला ट्रान्समीटर बंद कर. मोटर थांबली, तर त्या दिवशी तुझं विमान तुझं सगळं ऐकत होतं.

मग ऐकूनही ते पडलं कसं? पंखावरून वाहणारी हवा एका ठरावीक कोनापर्यंतच त्याला चिकटून राहते. साधारण पंखासाठी हा कोन १५ अंशांच्या आसपास असतो, आणि आपल्या लहान, सावकाश पंखांना तर मोठ्या विमानांपेक्षा हा त्रास लवकर होतो. तो कोन ओलांडला की वरच्या अंगाचा प्रवाह सुटतो आणि उचल एकदम कोसळते. हाच स्टॉल. वेग कमी झाल्यामुळे विमान पडतं असं म्हणतात, पण पाडतो तो कोन. वेग उतरला की तेवढंच वजन पेलायला पंखाला जास्त कोन घ्यावा लागतो, म्हणून दोन्ही गोष्टी जोडीनं दिसतात. तुझ्या विमानाचं नाक आभाळाकडे होतं, वेग संपत आला होता. त्यात पूर्ण थ्रॉटल. मागून पाहिलं तर तुझा प्रोपेलर उजवीकडे फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलंडवते. म्हणून डावाच पंख पडला.

आता तुझी स्टिक. ती उजवीकडे नेलीस तेव्हा डाव्या पंखाचं एलेरॉन (मागच्या कडेचा हलता भाग) खाली गेलं, तो पंख उचलण्यासाठी. पण एलेरॉन खाली जाणं म्हणजे त्या पंखाचा कोन आणखी वाढणं. जो पंख आधीच जास्त कोनामुळे बसला होता, त्याला तू आणखी कोन दिलास. विमानानं तुझं ऐकलं, आणि ऐकल्यामुळेच जास्त लवकर पडलं. जमिनीवरून बघणाऱ्याला हे हुबेहूब सिग्नल गेल्यासारखं दिसतं. माझ्या माहितीतल्या ‘सिग्नल गेला’च्या हकिकतींपैकी पुष्कळ अशाच होत्या.

त्या क्षणी करायचं ते मनाला पटत नाही: एलेव्हेटरची (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या भागाची) स्टिक पुढे ढकलायची, नाक खाली टाकायचं. जमीन समोर दिसत असताना नाक जमिनीकडे न्यायचं. वेग आला की पंख पुन्हा धरतो, मग सावकाश सरळ करायचं. याला उंची लागते, आणि तुझ्याकडे ती नव्हती. म्हणून तिथं तुला काय करता आलं असतं, याचा फार विचार करू नकोस. चूक हवेत झाली नव्हती, ती आदल्या रात्री टेबलावर झाली होती.

तिसरा फोटो काढ. नाकातल्या कप्प्यात बॅटरी बसेना म्हणून तू ती पंखाच्या मध्याखाली सरकवली आहेस. शेपटीशी प्लायवुडची पट्टी आणि हॉट ग्लूचा चांगला जाड थर आहे. मजबुतीसाठी केलंस, ते कळतं. पण हिशेब बघ. शेपूट गुरुत्वमध्यापासून ६० सेंटिमीटर मागे, आणि बॅटरीचं नाकातलं मूळ स्थान १५ सेंटिमीटर पुढे. शेपटीतल्या २० ग्रॅमना तोलायला नाकात ८० ग्रॅम लागतात. तू मागे वजन वाढवलंस आणि पुढचं काढून घेतलंस.

तुझ्या पंखाची रुंदी २०० मिलिमीटर आहे. नवशिक्याच्या विमानाचा सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, पंखाच्या पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्क्यांवर हवा, म्हणजे ५० ते ६० मिलिमीटरवर. पहिल्या उड्डाणाला ५० धर. विमान नाकाकडे जड असलं तर मंद वाटतं, उतरताना वेगात येतं, एलेव्हेटर जास्त ओढावं लागतं, पण ते हातात राहतं. शेपटीकडे जड असलं तर नाक उचललं की उचलतच जातं, आणि तुझी दुरुस्ती पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. हा फरक मी तुला कितीही वेळा सांगायला तयार आहे. पंखाखाली दोन्ही बाजूंना ५० मिलिमीटरवर पेन्सिलनं खूण कर, बॅटरीसकट पूर्ण तयार विमान दोन बोटांवर तोल. नाक किंचित खाली झुकलेलं हवं. जमेना तर कप्पा कापून मोठा कर, बॅटरी पुढे ने. शिशाचे तुकडे हा शेवटचा उपाय, कारण ते वजन आयुष्यभर वाहावं लागतं.

या एका वाक्यावर मी एवढा का अडलो, तेही सांगतो.

पूर्वी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्‌झवर उडवायचो. ट्रान्समीटरमध्ये आणि रिसीव्हरमध्ये क्रिस्टल असायचा, त्यावर चॅनेल ठरायचा. एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले की एकाचं विमान गेलंच. म्हणून मैदानावर फळी असायची आणि आपल्या चॅनेलची चिमटी लावल्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही. त्या काळात मी एका विमानाचा एलेरॉन सर्व्हो बदलला. एलेरॉन हलतंय एवढं पाहिलं, कुठल्या बाजूला हलतंय ते पाहिलं नाही. उडालो, डावीकडे कललं, मी उजवीकडे स्टिक दिली, आणखी कललं, आणखी दिली. संपलं. शेजारी एक शाळकरी मुलगा आपला ट्रान्समीटर हातात घेऊन उभा होता. ‘तू चालू केलास का रे?’ मी सगळ्यांसमोर विचारलं. तो नाही म्हणाला, पण मग स्वतःच घाबरला, चुकून हात लागला असेल म्हणाला. त्यानं सामान बॉक्समध्ये भरलं आणि त्या दिवशी उडवलंच नाही.

तिसऱ्या दिवशी टेबलावर ते अवशेष मी पुन्हा बॅटरीला जोडले, आणि एलेरॉन उलटं हललं. मी त्याच्याकडे जाऊन सांगितलं. पण तीन दिवस माझी चूक तो वाहत होता, ते मी परत घेऊ शकलो नाही.

२००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्‌झ आलं. आता प्रत्येक रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरशी बाइंड केलेला असतो, दुसऱ्याचं ऐकत नाही. सिग्नल आजही जातो, पण त्याची कारणं बहुतेक आपल्याच हातातली: अँटेना बॅटरीमागे किंवा कार्बनच्या नळीमागे दडलेली, ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक नेमकं विमानाकडे रोखलेलं (टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत क्षीण असतो), विमान झाडामागे गेलेलं. आणि एक कारण फार फसवं आहे. एखादा सर्व्हो अडकून जास्त करंट ओढू लागला की रिसीव्हरचा व्होल्टेज क्षणभर पडतो आणि तो पुन्हा सुरू होतो. म्हणून प्रत्येक पुशरॉड (सर्व्होला हलत्या भागाशी जोडणारी तार) शेवटपर्यंत मोकळा सरकतोय का, ते बोटानं तपास. गुरगुरणारा सर्व्हो तसाच ठेवू नकोस.

दुरुस्तीबद्दल थोडंच. साधा सीए ग्लू (सुपरग्लू) तुझ्या पांढऱ्या फोमला खाऊन टाकेल, फोमसाठीचा घे किंवा इपॉक्सी वापर. पातळ लाव, ओघळ पुसून काढ. शेपटीवरचा हॉट ग्लू खरवडून टाक. मोटरची बैठक धक्क्यानं सरकली असेल, ती दोन-तीन अंश खाली आणि तेवढीच उजवीकडे वळलेली हवी. झालं की वजन कर. ९०० ग्रॅमच्या आत बसलं तर १२०० मिलिमीटरच्या तुझ्या पंखावर चौरस डेसिमीटरला ३७-३८ ग्रॅम येतील, शिकण्यासाठी छान.

उडवण्याआधी विमानाच्या मागे उभा राहून बघायचं: स्टिक ज्या बाजूला, त्या बाजूचं एलेरॉन वर. स्टिक स्वतःकडे, तर एलेव्हेटर वर. हे तोंडानं म्हणत कर. माझ्या त्या दिवसानंतर मी आजवर एकदाही हे चुकवलेलं नाही. मग ट्रान्समीटर रेंज चेकवर (मुद्दाम क्षीण केलेल्या सिग्नलवर) टाकून, पुस्तिकेत लिहिलंय तेवढी पावलं दूर जाऊन सगळं पुन्हा हलवून बघ.

फेकायचं वाऱ्याच्या तोंडावर, पंख सपाट, नाक क्षितिजावर. वर नाही. शक्यतो कुणा जाणत्याला फेकायला किंवा उडवायला सांग आणि तुझे दोन्ही हात स्टिकवर ठेव. सुरक्षित उंची येईपर्यंत वळू नकोस. मग थ्रॉटल निम्म्यावर आणून ट्रिम कर (स्टिक सोडली तरी सरळ उडेल असं जुळव), आणि मैदानावर मोठे, आळशी आठ काढत राहा. पहिल्या दिवशी एवढंच.

दोन ठिकाणी हात चुकेल. विमान तुझ्याकडे येताना डावं-उजवं उलटं वाटतं. त्या वेळी विचार करत बसू नकोस, जो पंख खाली गेलेला दिसतोय त्याच बाजूला स्टिक ने, जणू त्याला टेकू लावतोयस. हे सिम्युलेटरवर रोज वीस मिनिटं घोटून घे. दुसरं वाऱ्याचं. विमान हवेत सेकंदाला १२ मीटरनं जातंय आणि वारा ५ मीटरचा आहे असं समज. वाऱ्याविरुद्ध ते तुला ७ नं रांगताना दिसेल, वाऱ्याबरोबर १७ नं धावताना. धावतंय म्हणून तू थ्रॉटल कमी करशील, वळताना एलेव्हेटर ओढशील, आणि पुन्हा तोच थबका, तोच पडलेला पंख. पंखाला जमीन माहीत नसते, त्याला फक्त हवा कळते. वाऱ्याबरोबर जाताना थ्रॉटलचं बोट स्थिर ठेव.

नव्या बॅटरीला पाच मिनिटांचा टायमर लाव आणि उतरल्यावर प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या वर आहे का बघ. २२०० मिलिअँपिअर-तासांची असेल तर २.२ अँपिअरनंच चार्ज कर, आणि आठवडाभर उडवणार नसशील तर ३.८ वर आणून ठेव.

ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकन मॉडेलकार मेनार्ड हिल यांच्या गटानं कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून सोडलेलं बाल्साचं मॉडेल ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. इंधनासकट वजन पाच किलोच्या आत, अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या विमानाचं नाव ‘टॅम-५’. त्या पाचाच्या आकड्याकडे मी नेहमी बघतो. आधीची विमानं अटलांटिकच्या पलीकडे पोहोचलेली नव्हती.

एक वही कर. विमानाचं वजन, सीजी, बॅटरी, वारा, आणि पडलं तर शेवटच्या दहा सेकंदांत जे दिसलं, ऐकू आलं ते सगळं, कारण न लिहिता. कारण दुसऱ्या दिवशी लिहायचं. त्या मोटरच्या आवाजासारखं काहीतरी त्यात नक्की सापडेल.

दुरुस्ती झाली की मला तीन गोष्टी कळव: वजन किती भरलं, तोल किती मिलिमीटरवर आला, आणि ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबली का. शेपटीचा फोटोही पाठव. माझं उत्तर येईपर्यंत प्रोपेलर लावू नकोस.

तुझा,
काका