मशीन सोडून मॅचच्या मागं लागू का?

‘आयटीआय झालंय, कंपनीत पर्मनंट आहे, पण मन खेळात आहे. स्पोर्ट्स मीडियाचं शिक्षण घ्यायचंय. आता या वयात जमेल का?’ कोल्हापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. विचारणारा कधी वेल्डर असतो, कधी फिटर, कधी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधला लेथवाला. वय पंचविशीच्या आसपास. आणि विचारताना बहुतेकांची मान खाली असते, हे मला फार खटकतं.

या गावात असं वाटणं अगदी साहजिक आहे. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग हे कुस्तीचं मैदान इथलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, शिवाजी या तालीम-मंडळांच्या फुटबॉल मॅच बघतच पोरं मोठी होतात. जलतरणपटू वीरधवल खाडे, नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही नावं चहाच्या टपरीवर घरच्या माणसांसारखी घेतली जातात. खेळाडू व्हायचं तर कुठल्या तालमीत जायचं, हे इथं कुणीही सांगेल. पण खेळाची बातमी देणारा, तो दाखवणारा, त्याची आकडेवारी ठेवणारा माणूस कसा तयार होतो, हे सांगणारं घरात कुणी नसतं. म्हणून एका तरुणाची हकिकत सांगते. त्याची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो आला तेव्हा २६ वर्षांचा होता. दहावीनंतर टर्नरचा दोन वर्षांचा आयटीआय, मग अप्रेंटिसशिप आणि आता गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर सेटर. नोकरीला चार वर्षं होऊन गेली होती. मधे पोलीस भरतीची तयारी केली होती, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून परीक्षा देऊन, कला शाखेतून बारावी केलेली. भरती हुकली, बारावी मात्र हातात राहिली. पगार २० हजारांच्या घरात. घरी आई-वडील आणि लग्नाची बहीण.

‘मॅडम, मला मशीनसमोर उभं राहवंना आता,’ तो म्हणाला.

अशा वेळी कोर्सची माहिती देण्याआधी मी एक गोष्ट नक्की करून घेते. माणसाला मशीन नकोय, की पाळी नकोय? की सुपरवायझर नकोय? या तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. सुपरवायझर नको असेल तर कंपनी बदलावी, त्यासाठी आयुष्य बदलायची गरज नाही. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘तिसऱ्या पाळीनं डोकं उठतंय, हे खरं हाय.’

मग मी त्याला माध्यमांतलं वेळापत्रक सांगितलं. वर्तमानपत्राचं क्रीडा पान रात्री लागतं. रात्रीची मॅच संपायची, त्यानंतर बातमी, मथळा, फोटो. रविवार आणि सणवार हे तर खेळांचेच दिवस. ज्या दिवशी मित्र स्टेडियमवर मजा करतात, त्या दिवशी तू कामावर असणार. शिवाय जिल्ह्याच्या आवृत्तीत फक्त खेळ बघणारा बातमीदार क्वचितच मिळतो. सकाळी महापालिकेची बातमी आणि संध्याकाळी कबड्डी, असंच बहुतेक चालतं. पाळीतून सुटायला येणार असशील तर इकडंही रात्रपाळीच आहे, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. यात त्याला घाबरवायचा हेतू नव्हता. पण मुलांच्या डोळ्यांसमोर असतो तो कॉमेंट्री बॉक्स. त्यामागं राबणारी माणसं त्यांना दिसलेलीच नसतात.

ती माणसं खूप आहेत. कॅमेरावाले, रीप्ले काढणारे, पडद्यावरचे आकडे बसवणारे, स्कोअरर, संघांसाठी मॅचचा व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी तपासणारे विश्लेषक. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. २०२३ मध्ये मोबाइलवर ती स्पर्धा १२ भाषांत ऐकायला मिळत होती, त्यात मराठी होती आणि केदार जाधव मराठीतून बोलत होता. भाषा वाढली की काम वाढतं, हे खरंच. पण हे काम बरंचसं मुंबईत, बरंचसं कंत्राटी आणि दिवसाच्या हिशेबानं मिळतं. स्पर्धा संपली की पुढची येईपर्यंत हात मोकळे. ज्याच्या घरी दर महिन्याच्या सात तारखेला पगाराची वाट बघितली जाते, त्याला ही बाजू आधी कळायला हवी.

तरीही त्याचं म्हणणं तेच राहिलं. म्हणून मी त्याला कोर्स शोधायला नाही, एक काम करायला सांगितलं. तुझ्या तालमीची पुढची मॅच बघ आणि तिची बातमी लिहून आण.

तालमीचं नाव इथं देत नाही. पेठेतला पोरगा, लहानपणापासून त्याच तालमीचा झेंडा हातात. त्या दिवशी नेमकी त्याची तालीम हरली. त्यानं आणलेल्या कागदावर पहिलंच वाक्य होतं, ‘पंचांच्या चुकीच्या निर्णयामुळे सामना हातचा गेला.’

‘कितव्या मिनिटाला?’ मी विचारलं.

आठवत नव्हतं. चेंडू कुणाच्या हाताला लागला, पंच कुठं उभे होते, लाइनमननं झेंडा उचलला का, यातलं काहीच सांगता येईना. मॅच त्यानं पूर्ण वेळ मन लावून बघितली होती, पण समर्थक म्हणून. समर्थकाला निकाल लक्षात राहतो आणि राग लक्षात राहतो. बातमीदाराला त्या दोन्हींच्या मधलं सगळं लागतं. माझ्या मते, खेळाच्या माध्यमात जायचं की नाही, याचा निकाल इथंच लागतो. खेळ किती आवडतो याला तिथं फारशी किंमत नाही, तो सगळ्यांनाच आवडतो. आपली तालीम हरल्यावर समोरच्याचा गोल चांगला होता, हे लिहिताना हात थांबत नाही ना, हे बघायचं.

पुढच्या वेळी तो वही घेऊन आला, आणि ती वही बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा मुलगा करेल. त्यानं पान आखलं होतं कंपनीतल्या इन्स्पेक्शन रिपोर्टसारखं. डाव्या बाजूला मिनिट, मग संघ, मग घटना आणि शेवटी ‘स्वतः पाहिलं / ऐकलं’ असा रकाना. ‘२३ वं मिनिट. डावीकडून कॉर्नर. दुसऱ्या खांबापाशी हेडर. बाहेर. स्वतः पाहिलं.’ त्याखाली, ‘३१ वं मिनिट. पिवळं कार्ड. कशासाठी ते दिसलं नाही. शेजारचे म्हणाले, पंचांना बोलला. ऐकलं.’ हा शेवटचा रकाना त्याला कुणी शिकवलेला नव्हता. मशीनवर पहिला जॉब, म्हणजे पहिला भाग तयार होऊन निघाला की मायक्रोमीटरनं मोजायचा, आकडा लिहायचा, सही करायची आणि मगच पुढचा माल काढायचा, ही चार वर्षांची सवय होती. न मोजलेला आकडा लिहायचा नाही, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. पत्रकारितेच्या वर्गात हे रुजवायला शिक्षकांना फार कष्ट पडतात.

मग मी मुद्दाम असा खेळ दिला ज्यात त्याची पेठ नाही. स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ, १ ऑगस्ट २०२४, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, अशा तीन स्थितींतला नेम. आपल्या राधानगरी तालुक्यातला मुलगा म्हणून बातमी सगळ्यांनी वाचली होती. यानं अंतिम फेरीचे आकडे काढले आणि माझ्यापुढं ठेवले. सुवर्ण ४६३.६, रौप्य ४६१.३, स्वप्नील ४५१.४. ‘मॅडम, हे बघून वाटतंय की आपला बारा गुणांनी मागं राहिला. पण तसं नाही. चाळीस शॉट झाल्यावर आधी दोघांना, मग एकेकाला बाहेर काढत जातात. तिसरा आलेला चव्वेचाळिसाव्या शॉटला थांबतो. पंचेचाळिसावा फक्त पहिल्या दोघांना मिळतो. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. मग ही तुलना सरळ करताच येत नाही.’ दशांशाकडे असं बघणारा माणूस मला त्या दिवशी समोर बसलेला दिसला आणि मनापासून आनंद झाला.

घरी मात्र वातावरण तापलं होतं. वडील एकदा त्याच्यासोबत आले. आयुष्य फाउंड्रीत गेलेलं, हातावर भाजल्याचे जुने डाग. ‘मॅडम, मी जन्मभर रस ओतला. ह्याला आयटीआयला घातलं ते त्या भट्टीपास्नं लांब ऱ्हावा म्हणून. आता ह्यो सीएनसी सोडून उन्हात मॅच बघत फिरणार म्हणायलाय. पोरीचं लगीन व्हायचंय, ह्याला स्थळं यायला लागल्यात. काय सांगू मी पाव्हण्यांना?’

अशा वडिलांना ‘मुलाच्या स्वप्नाच्या आड येऊ नका’ असं सांगणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. त्या माणसाची भीती हवेतली नव्हती. मी म्हटलं, ‘दादा, तुम्हाला कशाकशाची काळजी वाटते ते एकेक सांगा, मी लिहून घेते.’ त्यांनी सांगितलं, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची निघाली. ग्रॅच्युइटीचंच घ्या. पर्मनंट कामगाराला ती पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर लागू होते. याला अजून काही महिने बाकी होते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये धरले, तर त्याला १५ नं गुणून २६ नं भागायचं, म्हणजे वर्षाचे ९,००० आणि पाच वर्षांचे ४५,०००. थोडी घाई केली असती तर ही रक्कम गेली असती. मुलाला हे माहीतच नव्हतं. बापाला आकडा ठाऊक नव्हता, पण ‘पाच वर्षं भरू दे’ हे तो पहिल्यापासून म्हणत होता. मी मुलाकडं बघितलं. त्यानं मान डोलावली.

शिक्षणाची वाटही यातूनच ठरली. शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, पण त्याला आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते, आणि याच्याकडं बारावी होती. म्हणून नोकरी चालू ठेवून मुक्त विद्यापीठातून बीए. रोज वर्गात बसावं लागत नाही, पाळी सांभाळून अभ्यास होतो. तो मात्र एका खासगी संस्थेच्या वर्षभराच्या डिप्लोमाची माहिती घेऊन आला होता. जाहिरातीत चकचकीत स्टुडिओ, फी लाखांत, त्यासाठी कर्ज काढायची तयारी. मी त्याला एवढंच सांगितलं, गेल्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या चार मुलांचे नंबर मागून घे आणि त्यांना विचार, आज कुठं आहात. संस्थेनं एकही नंबर दिला नाही. विषय तिथंच संपला. चांगले कोर्स नाहीत असं मी म्हणत नाही. पण कामगाराच्या पगारावर कर्ज काढून कोर्स करण्याआधी ही चौकशी झालीच पाहिजे, आणि ती जाहिरात वाचून होत नाही.

एक मोल त्याला वेगळंच मोजावं लागलं. त्यानं लिहिलेली एक बातमी मित्रांच्या ग्रुपवर टाकली. विरोधी तालमीचा दुसरा गोल निर्विवाद होता, ऑफसाइड नव्हता, असं त्यात होतं. ‘तू पेठेतला हाईस का नाहीस?’ पासून सुरुवात झाली आणि पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. काही दिवस कोपऱ्यावर कुणी बोललं नाही. तो खरोखर दुखावला होता. मी त्याला समजावलं नाही, कारण यात समजावण्यासारखं काही नव्हतं. हे या कामात पुन्हा पुन्हा होणार. फक्त विचारलं, ‘गोल ऑफसाइड होता का?’ म्हणाला, ‘नव्हता.’ ‘मग काढून टाकावीशी वाटते का बातमी?’ थोडं थांबून म्हणाला, ‘नाही.’

आता तो बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षं भरली. सीझनमध्ये सुट्टीच्या दिवशी यूट्यूबवर मॅच दाखवणाऱ्या एका गटासोबत काम करतो. आधी केबल गुंडाळायचा, आता आकडेवारी ठेवतो आणि मॅचमागं थोडे पैसेही मिळतात. पेट्रोल सुटतं, त्यापेक्षा जास्त नाही. मशीनसमोर उभं राहवत नाही, ही तक्रार कमी झाली आहे, पण संपलेली नाही. तिसरी पाळी असली की अजूनही त्याच सुरात फोन येतो. पदवीनंतर नोकरी सोडून पूर्णवेळ पत्रकारिता शिकायची, असं ठरलंय. तोवर सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला काढायची. बहिणीचं लग्न त्याच्या आत झालं तर हा आकडा नव्यानं मांडावा लागेल.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. त्याचा पगार महिना २१,००० च्या आत असल्यामुळं घराला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा आहे. आईची शुगर आणि बीपीची औषधं तिथूनच येतात. नोकरी सोडली की काही काळानं ते बंद होणार. नवा आरोग्य विमा काढला तरी आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि रोजच्या गोळ्या सहसा विम्यात बसत नाहीत. म्हणून ईएसआय चालू असतानाच पॉलिसी घेऊन ती मुदत आत्तापासून मोजायला लावावी आणि गोळ्यांचा खर्च दरमहा वेगळा धरावा, असं मी सुचवलं आहे. हप्ता परवडेल का, यावर घरात बोलणं चालू आहे. वडिलांनी दोन कंपन्यांचे कागद आणलेत. पुढच्या भेटीला ते तिघंही येणार आहेत, आईसुद्धा. त्या दिवशी आधी ते कागद वाचायचे आहेत.