बीसी५४७ ट्रान्झिस्टरने ऑडिओ म्यूट करताना

रिले नको आणि ट्रान्झिस्टरनेच सिग्नल बंद करायचाय, तर सिग्नलच्या वाटेत २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाक आणि त्याच्या पुढून ट्रान्झिस्टरने लाइन ग्राउंडला ओढ. सिरीजमध्ये स्विच करण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नकोस.

आता खरी मेख. कलेक्टर-एमिटर उलटे जोड: एमिटर सिग्नलला, कलेक्टर ग्राउंडला. सरळ जोडणीत चालू ट्रान्झिस्टरवर काही मिलिव्होल्टचा ऑफसेट (शून्याऐवजी राहणारं थोडं डीसी व्होल्टेज) उरतो आणि म्यूट करताना ‘टक’ ऐकू येतं. उलट जोडणीत तो बराच कमी होतो. मात्र उलटा बीटा (उलट जोडणीत बेस करंट किती पट वाढतो ते) अगदी कमी, म्हणून बेसला करंट सढळ हाताने दे, एखादा मिलिअँपिअर तरी.

ट्रान्झिस्टर बंद असताना, म्हणजे आवाज चालू असताना, बेस नुसता ग्राउंडवर ठेवलास तर सिग्नलचं निगेटिव्ह शिखर साधारण ०.६ व्होल्टला कापलं जातं. बेस निगेटिव्हला ओढ, पण बेताने! बीसी५४७चं बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने ६ व्होल्टच सोसतं. २ व्होल्ट शिखराच्या सिग्नलला उणे ३ व्होल्ट पुरे. मोठ्या सिग्नलला तोशिबाचा २एससी२८७८ शोध; तो म्यूटिंगसाठीच बनवलाय, त्याचं हेच जंक्शन उलट दिशेने २५ व्होल्ट सोसतं. नकली माल मिळतो, तेवढं तपासून घे.